दंतवैद्यकाचे शिक्षण आणि शोधनिबंधांचे वाचन

आधुनिक दंतवैद्यकाच्या इतिहासात नियतकालिक आधी निघाले आणि महाविद्यालय मागाहून आले. ‘अमेरिकन जर्नल ऑफ डेंटल सायन्स’ १८३९ मध्ये सुरू झाले. बाल्टिमोरचे दंतशल्य महाविद्यालय १८४० मध्ये स्थापन झाले. या दोन्ही कार्यांत चॅपिन हॅरिस यांचा पुढाकार होता. तत्पूर्वी उमेदवार एखाद्या दंतवैद्याच्या हाताखाली राहून हा व्यवसाय शिकत असे, आणि गुरूच्या युक्त्या पुष्कळदा गुपितच राहत. नियतकालिकाने ही विद्या छापून काढून ती परीक्षणास खुली केली.

तथापि छापलेले वाचणे आणि त्याची परीक्षा करणे या दोन भिन्न गोष्टी होत. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात एक व्याख्यान दिले. सदोष दंतकामाखाली साचणारा पू शरीरातील अनेक विकारांचे मूळ असतो, असा त्यांचा आरोप होता. पुढे तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रस्थ जंतुसंसर्गाच्या या उपपत्तीस अमेरिकेत फ्रँक बिलिंग्ज यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांचा पाठिंबा मिळाला. परिणामी संधिवातादी विकार बरे होतील या आशेने असंख्य रुग्णांचे दात उपटण्यात आले. बऱ्या झालेल्या एखाद्या रुग्णाची हकीकत पुराव्यादाखल सांगितली जाई; दात न काढलेल्या तशाच रुग्णांचे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जाई.

सेसिल आणि अँजेव्हिन यांनी १९३८ मध्ये संधिवाताच्या २०० रुग्णांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात दात किंवा गलग्रंथी काढल्याने रोग बरा होतो, या समजुतीस आधार मिळाला नाही. सेसिल हे स्वतः पूर्वी याच उपपत्तीचे पुरस्कर्ते होते, हे येथे विशेष होय. १९४० मध्ये रायमन आणि हॅव्हन्स यांच्या चिकित्सक आढाव्याने ती उपपत्ती अधिकच दुबळी ठरली. हंटर यांच्या टीकेमुळे दंतकामातील स्वच्छतेकडे लक्ष वेधले गेले, हे मान्य केले पाहिजे; परंतु उपटलेला निरोगी दात काही परत बसवता येत नाही.

याच काळात कोलंबिया विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम गीज यांनी १९१९ मध्ये ‘जर्नल ऑफ डेंटल रिसर्च’ सुरू केले. कार्नेगी प्रतिष्ठानासाठी लिहिलेल्या १९२६ च्या अहवालात त्यांनी दंतशिक्षणाची विद्यापीठाशी व संशोधनाशी सांगड घालण्याचा आग्रह धरला. भारतात रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास दंतमहाविद्यालय स्थापन केले आणि १९२५ मध्ये ‘इंडियन डेंटल जर्नल’ काढले. महाविद्यालय उभारले की नियतकालिकही हवे, ही बाल्टिमोरची जाणीव येथेही दिसते.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. क्रमिक पुस्तक निष्कर्ष सांगते. तो निष्कर्ष कशावर उभा आहे, हे शोधनिबंध दाखवितो. रुग्ण किती होते, तुलना कोणाशी केली, ते किती काळ निरीक्षणाखाली होते, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने प्रत्येक निबंधास विचारले पाहिजेत. हिरड्यांचे विकार आणि मधुमेह यांच्या संबंधाविषयी आज पुन्हा विपुल लेखन होत आहे. तेथेही हेच प्रश्न लागू आहेत. हाती चिमटा घेण्यापूर्वी ते विचारण्याची सवय ज्यास लागली, त्याचेच वाचन रुग्णाच्या कामी येते.