गाजर गवताचे भारतातील आगमन : लोकसमज आणि पुरावा

गाजर गवत, काँग्रेस गवत किंवा चटक चांदणी या नावांनी महाराष्ट्रात सर्वपरिचित असलेल्या तणाविषयी एक समजूत दृढ झाली आहे. अमेरिकेतून ‘पी. एल. ४८०’ या कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी भारतात आले, असे सर्रास सांगितले जाते. ‘काँग्रेस’ हे नावही कित्येक जण अमेरिकी काँग्रेसशी, म्हणजे पर्यायाने या गव्हाशीच जोडतात. ही समजूत उपलब्ध पुराव्याशी ताडून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वनस्पतीचा परिचय करून घेणे अवश्य आहे. नावात ‘गवत’ असले तरी तृणकुलाशी हिचा काही संबंध नाही. ही सूर्यफूल कुलातील वर्षायू ओषधी असून लिनीअसने १७५३ साली तिला पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे नाव दिले. तिचे मूलस्थान अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. कोवळेपणी गाजरासारखी विभागलेली पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. मग खोड उंचावते आणि थोड्याच आठवड्यांत लहान पांढरी स्तबके येतात. प्रत्येक स्तबकात पाचच किरण-पुष्पके फलधारी असतात, म्हणजे एका स्तबकातून फार तर पाच फळे मिळतात. परंतु स्तबकांची संख्या एवढी प्रचंड असते की एका जोमदार झाडापासून १५,००० हूनही अधिक बीजे निपजू शकतात. प्रत्येक फळाला दोन वंध्य पुष्पके चिकटलेली असल्याने ते पाण्यावर सहज तरंगते. वाहते पाणी, चिखल, वाहनांची चाके आणि माणसाने हलवलेली माती ही या तणाची खरी वाहने होत.

आता कालक्रम पाहू. रा. शे. राव यांनी पुण्यात आढळलेल्या या वनस्पतीची भारतातील नवी नोंद मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली प्रसिद्ध केली. प्रा. परांजपे यांना पुण्यातील उकिरड्यांवर ही झाडे १९५१ सालीच तुरळक दिसली होती, असाही निर्देश नंतरच्या लेखनात आढळतो. पी. एल. ४८० हा कायदा जुलै १९५४ मध्ये संमत झाला आणि त्याखालील भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. जे रोप करारापूर्वीच पुण्यात उगवले होते, ते त्या कराराच्या गव्हातून येणे शक्य नाही.

तथापि एवढ्यावरून गहू सर्वस्वी निर्दोष ठरत नाही. १९५१ साली अमेरिकेने भारतास १९ कोटी डॉलरचे धान्यकर्ज दिले होते. त्या धान्यातून अथवा पुढील आयातीतून बी आले नसेलच, असे म्हणता येत नाही. मात्र शक्यता आणि सिद्धता यांत अंतर आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड येथेही १९५५ साली हे तण नोंदले गेले. तेथे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वाहतूक आणि टेक्ससहून आणलेले चाऱ्याचे गवतबी यांकडे बोट दाखविले जाते, गव्हाकडे नव्हे.

याहून महत्त्वाचा पुरावा जुना आहे. रॉक्सबर्ग यांच्या १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या कलकत्त्याच्या उद्यानातील वनस्पतींच्या यादीत या जातीचा उल्लेख आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेच्या शुष्क वनस्पतिसंग्रहात ब्रँडिस यांनी १८८० साली गोळा केलेला तिचा नमुना आहे. त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले ते १९७८ साली. म्हणजे ‘नवी नोंद’ झाली तेव्हा पुरावा देशातच कपाटात पडून होता. अर्थात उद्यानातील रोप म्हणजे रानोमाळ पसरलेले तण नव्हे. कुक यांच्या मुंबई इलाख्यावरील ग्रंथात (१९०१–०८) ही जाती नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पुण्याची झाडे जुन्या रोपांची वंशज होती, असा निष्कर्ष यावरून निघत नाही. प्रवेश एकाहून अधिक वेळा झाला असावा, एवढेच म्हणता येते.

येथेच दोन प्रश्न वेगळे करावे लागतात : वनस्पती आली कशी, आणि ती पसरली कशी? गव्हाची हकीकत पहिल्या प्रश्नाचे अपुरे उत्तर देते आणि दुसरा प्रश्न झाकून टाकते. १९५६ नंतरचा प्रसार रस्ते, लोहमार्ग, कालवे, शेणखत आणि बांधकामाची माती यांच्या आधारे झाला. उघडी पडलेली जमीन आणि गुरांनी टाळलेला पाला यांनी त्यास साहाय्य केले. पार्थेनिन या द्रव्यामुळे होणारा त्वचादाह पुण्यातील वैद्यकांच्या लक्षात आला. १९७५ साली कर्नाटक सरकारने कायद्याने हे तण उपद्रवी ठरविले. १९८३ साली मेक्सिकोहून झायगोग्रामा हा पाने खाणारा भुंगेरा बंगलोर येथे आणून पुढील वर्षी सोडण्यात आला; पावसाळ्यात तो प्रभावी ठरतो, परंतु तणाचे उच्चाटन झालेले नाही.

परक्या देशाच्या धान्यावर सारा दोष ठेवणे सोयीचे आहे, कारण त्यामुळे आपले रस्ते, उकिरडे आणि पडीक जमिनी चौकशीतून सुटतात. बंदरावरील तपासणी आवश्यकच आहे. पण हे बी गेल्या सत्तर वर्षांत देशभर नेले ते आपणच. इतिहासाच्या अभ्यासकाने हकीकतीतील साल आधी तपासावे आणि कपाटातील नमुना उघडून पाहावा, हा बोध या सामान्य तणापासून घेण्यासारखा आहे.