साहाय्यक साधनांची निवड

चालणे, बसणे, ऐकणे, वाचणे या रोजच्या कामांत दिव्यांग व्यक्तीला उपयोगी पडणारी कुबडी, कॅलिपर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, पांढरी काठी, संगणकाचा पडदा वाचून दाखवणारी प्रणाली इत्यादी साधने म्हणजे साहाय्यक साधने. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. पण एका प्रकारातल्या दोघांना एकच साधन चालेल, असे नाही.

व्हीलचेअरला चपलेइतकेच माप लागते. बैठक जास्त रुंद असली तर अंग एका बाजूला कलते आणि हात चाकापर्यंत नीट पोचत नाहीत. जास्त खोल असली तर तिची कड गुडघ्यामागे रुतते, माणूस पुढे घसरतो आणि माकडहाडाशी व्रण होतो. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन बोटे जागा हवी. म्हणूनच शिबिरात सगळ्यांना एकाच मापाच्या खुर्च्या वाटणे चूक आहे. मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या (स्थापना १९५५) ठिकाणी तपासणी आधी, साधन नंतर.

माणसाबरोबर घरही मोजावे. माटुंग्यातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत खुर्ची किती रुंद यापेक्षा ती घडी करून जिन्यावरून कोण नेणार, हा प्रश्न मोठा. न्हाणीघराचे दार आणि उंबरठा टेपने मोजल्याशिवाय खरेदी करू नये. लोकलने जाणाऱ्याने फलाट आणि डबा यांच्या उंचीतला फरकही लक्षात घ्यावा.

माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी सेल्फ व्हिजन सेंटर आहे. वाचनासाठी एनव्हीडीए ही पडदा वाचून दाखवणारी प्रणाली विनामूल्य मिळते. तरी मराठी शिकणाऱ्या मुलाला ब्रेल हवीच: नुसते ऐकून ऱ्हस्व-दीर्घ पक्के होत नाही, बोटाखाली ‘कि’ आणि ‘की’ वेगळे लागतात. मिशनरी ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांची शाळा काढली. तीच आजची, शेजारच्या दादरची कमला मेहता शाळा.

श्रवणयंत्र श्रवणचाचणीच्या आलेखावरून बसवतात. मूल वाढते तसा कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो आणि यंत्र शिटी मारू लागते. तेव्हा साचा नवा करावा, यंत्र फेकू नये. बंद खोलीत छान ऐकू येणारे यंत्र किंग्ज सर्कलच्या रहदारीतही लावून पाहावे.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना केंद्राच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेतून साधने मिळतात. घेताना दुरुस्ती कुठे होते, व्हीलचेअरचे पुढचे छोटे चाक आणि ट्यूब जवळ मिळते का, हे विचारून घ्यावे.