डिस्कचे भाग आणि त्यांची जोडणी

नळदुर्गचा पाणीमहाल तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बोरी नदीच्या अलीकडे मुख्य किल्ला, पलीकडे रणमंडळ. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ च्या सुमारास, बंधारा झाला आणि किल्ल्यातून थेट रणमंडळात जाता येऊ लागले.

लिनक्स ही सर्वांना खुली असलेली प्रणाली संगणकावर हाताने बसविताना असाच बंधारा घालावा लागतो. त्याला ‘माउंट’ म्हणतात. शब्द जुना आहे. एके काळी डिस्कची जड चवड ऑपरेटर खरोखरीच उचलून यंत्रावर चढवी! अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत टॉम्सन व रिची यांनी रचलेल्या युनिक्सच्या १९७१ सालच्या माहितीपुस्तकात ही आज्ञा आहे. १९९१ च्या लिनक्सने तीच चालविली.

डिस्कचे भाग कितीही पाडा, वाट एकच, ‘रूट’पासून म्हणजे मुळापासून निघणारी. म्हणून रूटचा भाग आधी जोडावा, मग त्याच्या पोटात ‘बूट’चा. क्रम उलटला तर बूट रूटखाली झाकला जातो. पुसला जात नाही बरे का, नुसता दिसेनासा होतो. पुसते ते फॉरमॅट. तेव्हा गुरुजी, शाळेच्या जुन्या संगणकात निकालपत्रकांचा भाग वेगळा असेल, तर त्याला फॉरमॅट लावू नका, नुसता जोडा. आणि त्याआधी एक नक्कल पेनड्राइव्हवर काढून ठेवा.