एक वाडा, चार बिऱ्हाडें

आपल्या जुन्या वाड्यांतून चार चार बिऱ्हाडें नांदत असत. प्रत्येकाची चूल निराळी, माजघर निराळें. दिंडीदरवाजा मात्र सर्वांचा एक. अशा वाड्यांत तंटा व्हावयाचा तो बहुधा खोल्यांवरून नव्हे, तर त्या दरवाजाच्या किल्लीवरून. आज ज्या वाड्याचा इतिहास सांगावयाचा आहे, तो हाताच्या तळव्यावर मावणारा आहे. संगणकाच्या एकाच हार्ड डिस्कवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणाऱ्या प्रणाली, एकत्र कशा राहूं लागल्या, त्याची ही हकीकत आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएम कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्यासाठीं एक नव्हे, तीन प्रणाली सांगितल्या होत्या : पीसी डॉस, सीपीएम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. त्या वेळीं भांडणाचें कारणच नव्हतें. यंत्रांत हार्ड डिस्क नव्हती, आणि फ्लॉपी बदलली कीं कारभारी बदलत असे. मार्च १९८३ मध्यें त्याच कंपनीचा एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क घेऊन आला. ही डिस्क यंत्रांत कायमची बसविलेली. तेव्हां एकाहून अधिक प्रणालींनीं तिच्यावर राहावें कसें, हा प्रश्न उभा राहिला.

तोडगा मोठ्या काटकसरीचा निघाला. डिस्कच्या अगदीं पहिल्या सेक्टरांत ५१२ बाइट मावतात. त्यांपैकीं ४४६ बाइट एका छोट्या प्रोग्रामसाठीं राखले, ६४ बाइटांत वाटणीपत्र लिहिलें, आणि उरलेल्या दोन बाइटांत शिक्क्यासारखी एक ठराविक खूण ठेवली. वाटणीपत्रांत ओळी चारच, प्रत्येक १६ बाइटांची. अमुक भाग कोठें सुरू होतो, केवढा आहे, कोणत्या प्रकारच्या प्रणालीचा आहे, एवढें त्या ओळींत नमूद असे. चारांपैकीं एकाच भागावर ‘चालू’ अशी खूण करीत. यंत्र सुरू होतांच तो छोटा प्रोग्राम ती खूण शोधी आणि यंत्र त्या भागाच्या स्वाधीन करी. दुसरी प्रणाली हवी असल्यास खूण बदलावयाची व यंत्र पुन्हां सुरू करावयाचें.

व्यवस्था न्यायाची खरी. परंतु तिच्यांत एक मोठी उणीव राहिली. पहिला सेक्टर कोणाच्या मालकीचा, हें ठरलेलें नव्हतें. त्यामुळें मागाहून येणारी प्रणाली दरवाजावर आपला माणूस बसवूं शके. १९९२ मध्यें ओएस/२ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ‘बूट मॅनेजर’ आला. लिनक्सकरितां वेर्नर आल्मेसबर्गर यांनीं ‘लिलो’ लिहिला. आपणांस कोणाकडे जावयाचें आहे, असें हे दोघेही विचारीत. याउलट विंडोज ९५ बसविलें कीं लिलोसारखा पहिला पहारेकरी नाहींसा होई. शेजारचें बिऱ्हाड जागच्या जागीं सुखरूप असे. तेथें जाण्याची वाट तेवढी बुजलेली असे.

या वाटेचें मोल बी नांवाच्या अमेरिकन कंपनीस पुरतें कळलें. तिची बीओएस ही प्रणाली विंडोजला हुसकूं पाहत नव्हती. तिच्या शेजारीं राहावयास ती राजी होती. १९९८-९९ च्या सुमारास हिताची कंपनीनें जपानांत दोन्ही प्रणाली बसविलेले संगणक विक्रीस काढले. परंतु यंत्र सुरू केलें कीं सरळ विंडोजच उघडे. निवड विचारलीच जात नसे. मायक्रोसॉफ्टच्या परवान्यांतील अटींमुळें उत्पादकांचे हात बांधले गेले, अशी बी कंपनीची तक्रार होती. २००१ मध्यें तिची मालमत्ता पाम कंपनीस विकली गेली. २००२ मध्यें तिनें दावा लावला, आणि सप्टेंबर २००३ मध्यें २ कोटी ३२ लक्ष ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टनें आपला दोष कबूल केला नाहीं. पैसा मिळाला, परंतु तोंवर बिऱ्हाड उठलेलें होतें.

जुन्या वाटणीपत्राला सुमारें २ टेराबाइटांपलीकडील जागा मोजतां येत नसे, म्हणून पुढें नवें वाटणीपत्र आलें. इंटेलनें आरंभिलेली ही योजना २००५ पासून यूईएफआय फोरम या मंडळाकडे आहे. तींत चारांऐवजीं सामान्यतः १२८ भागांची नोंद होते, आणि नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीं ठेवलेली असते. प्रत्येक प्रणालीचा प्रारंभीचा प्रोग्राम एका सामाईक भागांत निराळ्या फाइलींत राहतो; एकानें दुसऱ्याचा पुसण्याचें कारण उरत नाहीं. तरीही यादींत प्रथम कोणाचें नांव असावें, ही चढाओढ उरतेच.

आपणांपैकीं कोणी घरच्या संगणकावर दुसरी प्रणाली बसविणार असाल, तर आधीं आपल्या कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. वाटणीपत्रांतील एक चूक साऱ्या घराला भोंवते. मग यंत्र सुरू करून पाहा कीं, तें आपणांस निवड विचारतें कीं नाहीं. वाड्यांत खोली मिळाली म्हणून बिऱ्हाड नांदतें असें नाहीं. त्याला दारांतून जातां-येतां आलें पाहिजे.