अनधिकृत लहरींचा शोध : १९४२ आणि त्यानंतर

'अनधिकृत' हे पद नकारार्थी आहे. 'अधिकृत' काय हे ठरल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. बिनतारी प्रक्षेपकांच्या शोधाच्या इतिहासात या भाषिक गोष्टीस किती महत्त्व आहे, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

१९३३ च्या बिनतारी तारायंत्रविषयक कायद्याने परवान्यावाचून असे यंत्र बाळगणे हाच हिंदुस्थानात गुन्हा ठरला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईहून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचे पहिले प्रसारण झाले, तेव्हा उषा मेहता व त्यांचे सहकारी या कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत होते. देशाच्या दृष्टीने मात्र तेच अधिकारवाणीने बोलत होते. पोलिस ती प्रसारणे ऐकून उतरवून घेत. म्हणजे ध्वनी हाती होता, ठिकाण नव्हते.

ठिकाण शोधण्याची रीत साधी आहे. चौकटीचे एरियल फिरविले असता लहर कोणत्या दिशेची ते कळते. दोन जागांहून काढलेल्या दिशारेषा जेथे छेदतात, तेथे प्रक्षेपक असावा. परंतु केंद्राची जागा वारंवार बदलली, की कालच्या रेषा आज निरुपयोगी ठरतात. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले, ते एका माहीतगार तंत्रज्ञाने ठिकाण सांगितल्यामुळे. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

१९९७ साली आयईईई ८०२.११ हे मानक प्रसिद्ध झाले आणि कचेऱ्या व विद्यापीठे यांतून बिनतारी जाळी पसरली. कोणी परवानगीवाचून ॲक्सेस पॉइंट जोडला, तर त्याच्या शोधातील अडचण १९४२ च्या नेमकी उलट असते. तो लपत नाही. सामान्यतः दर सेकंदास सुमारे दहा वेळा आपले अस्तित्व पुकारतो. ऐकणे सोपे, ओळखणे कठीण. जो रेडिओ एका चॅनेलवर लोकांची सेवा करीत असतो, त्यास इतर चॅनेल क्षणभरच चाचपता येतात. म्हणून एखादा रेडिओ केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवणे श्रेयस्कर. प्रत्येक चॅनेलवर तो सेकंदाच्या दशांशाहून थोडा अधिक थांबला पाहिजे, नाहीतर पुकारा निसटतो.

ऐकलेले नाव आपल्या नोंदवहीत नाही, एवढ्याने दोष सिद्ध होत नाही. ते यंत्र शेजाऱ्याचे असू शकेल. उलट नोंदवहीतील नावाचीही नक्कल करता येते. म्हणून ते यंत्र आपल्याच तारेस जोडले आहे काय, हे स्विचमधील पत्त्यांच्या यादीवरून पडताळावे लागते.

तात्पर्य, लहर आपला परवाना अंगावर वागवीत नाही. यंत्र 'कोठे' याचे उत्तर देते. 'कोणाचे' हे नोंदवही सांगते. आणि 'कशासाठी' हे माणसालाच विचारावे लागते. ज्या संस्थेची नोंदवही अपुरी, तिला शोधक रेडिओ कितीही मिळाले तरी 'अनधिकृत' या शब्दाचा अर्थ लागणार नाही.