कणेरीचे पुतळे आणि बलुत्याचा हिशेब

कोल्हापूरहून हायवेने कागलकडे निघालं की थोड्याच वेळात कणेरीचा फाटा लागतो. सिद्धगिरी मठाचं ग्रामजीवन म्युझियम इथलंच. लोक सवयीने 'मेणाचे पुतळे' म्हणतात, पण पुतळे आहेत सिमेंटचे. भाता चालवणारा लोहार, चाकावरचा कुंभार, झाडाखाली हजामत करणारा न्हावी, विहिरीवर मोट.. काम जबरदस्त आहे राव!

मी गेलो तेव्हा शेजारी एक गृहस्थ मुलाला सांगत होते, "बघ, तेव्हा गावात पैसाच लागत नव्हता." वाक्य बरंचसं खरं आहे, पण अर्धंच. पुतळ्यात काम दाखवता येतं, कामाचा हिशेब दाखवता येत नाही. तो जरा बघू.

शेतकऱ्याचा नांगर दुरुस्त केला की सुतार लगेच पैसे मागत नसे. वर्षभर लागेल ती दुरुस्ती करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा. हेच बलुतं. आपल्या भाषेत अ‍ॅन्युअल मेंटेनन्स काँट्रॅक्ट! वाटा सगळ्यांना सारखा नसे. थोरली, मधली, धाकटी अशा बलुतेदारांच्या तीन ओळी. सुतार-लोहार सहसा थोरलीत, न्हावी-परीट मधलीत.

यात फायदाही होता. काम वतनी असल्यामुळे दुसरा सुतार येऊन पोटावर पाय देऊ शकत नसे. म्हणून तर लोक वतनासाठी भांडत. उलट बाजूने, महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गांव-गाडा' (१९१५) वाचा. बलुत्याचा बोजा कुणब्यावर कसा पडतो, हे त्यात सविस्तर आहे. म्हणजे देणाराही खूश नव्हता.

सगळ्यात वाईट काँट्रॅक्ट महारांचं. गावची राखण, सरकारी निरोप पोचवणं, हद्दीच्या भांडणात साक्ष, मेलेली गुरं ओढणं. कामाची यादी संपायचीच नाही आणि बोलावणं कधीही यायचं. मोबदला म्हणजे थोडी वतनी जमीन आणि बलुतं. आपल्याला बॉस आवडला नाही तर नोटीस पिरियड भरून निघता येतं. इथे काम जन्माने मिळालेलं, राजीनामा कुणाला देणार?

आता योगायोग बघा. म्युझियम आहे ते जुन्या कोल्हापूर संस्थानच्या मुलखात. इथेच शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनं रद्द केली. जमिनी त्या लोकांच्या नावावर करून वेठीतून मोकळं केलं. त्याच वर्षी कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी आणले. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वतन कायदा बदलण्यासाठी मुंबई कौन्सिलमध्ये विधेयक मांडलं. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडलं. ब्रिटिश गेले, वतन अकरा वर्षं मागे राहिलं.

कणेरीला जरूर जा, मुलांना न्या. लोहाराच्या हातांना तर दाद द्याच. फक्त पोराने "बाबा, या काकांना दुसरं काही करायचं असेल तर?" असं विचारलं, तर घाईघाईने पुढच्या पुतळ्याकडे नेऊ नका. १९१८ ची गोष्ट सांगायला तिथल्याइतकी चांगली जागा नाही.