मेल्विन्स: एका तळटीपेत न मावणारा बँड

🧵 १/ अमेरिकन रॉक संगीताच्या इतिहासात 'मेल्विन्स'चे नाव बहुधा एकाच वाक्यात येते: 'निर्वाना'च्या कर्ट कोबेनचा आवडता बँड. वाक्य खरे आहे. परंतु ४० वर्षांहून अधिक लांबीच्या कारकिर्दीला ते फारच अपुरे पडते. ही कारकीर्द मुळापासून पाहू.

२/ स्थळ: वॉशिंग्टन राज्यातील मॉन्टेसानो. लाकूड व्यवसायावर जगणारे, सुमारे ३ हजार वस्तीचे गाव. १९८३ मध्ये बझ ऑस्बोर्न (गिटार व गायन), मॅट लुकिन (बास) आणि माइक डिलार्ड (ड्रम) यांनी येथे बँड उभा केला. ऑस्बोर्न 'थ्रिफ्टवे' नावाच्या दुकानात काम करी; तेथील एका वरिष्ठाच्या नावावरून बँडचे नाव थट्टेने ठेवले गेले.

३/ आरंभी ते वेगवान हार्डकोर पंक वाजवीत. त्याच दुकानामागील वाहनतळावर त्यांनी एक विनामूल्य कार्यक्रम केला. श्रोत्यांत शेजारच्या अ‍ॅबरडीनचा किशोरवयीन कोबेन होता. त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या रोजनिशीत या कार्यक्रमाची नोंद आहे.

४/ १९८४ मध्ये ड्रमवर डेल क्रोव्हर आला. त्याच वर्षी 'ब्लॅक फ्लॅग'चा 'माय वॉर' प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी बाजू संथ, जड गाण्यांची होती. पंकच्या श्रोत्यांना वेग हवा असताना मेल्विन्सनी हीच वाट धरली: गिटारच्या तारा सैल, लय विलंबित, एका आघाताचा नाद विरेपर्यंत दुसरा पडत नाही. 'ब्लॅक सॅबथ'चे वजन आणि पंकचा संताप यांचा हा संकर होता.

५/ १९८६ च्या 'डीप सिक्स' या संकलनात सहा बँड होते. 'साउंडगार्डन' व 'ग्रीन रिव्हर' यांच्यासोबत मेल्विन्सही. १९८७ मध्ये त्यांचा पहिला पूर्ण अल्बम 'ग्लूई पोर्च ट्रीटमेंट्स' आला. आज तो स्लज मेटलच्या आद्य नमुन्यांत गणला जातो. 'स्लज' म्हणजे गाळ. नाव अन्वर्थक आहे.

६/ येथे कथेला वळण मिळते. सिएटलचे नाव जगभर होण्यापूर्वीच ऑस्बोर्न व क्रोव्हर सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेले. लुकिन मागे राहिला आणि 'मडहनी'त सामील झाला. ग्रंजची लाट उसळली तेव्हा तिचे पूर्वसूरी गावात नव्हते.

७/ तरीही त्या लाटेत त्यांचा हात होता. जानेवारी १९८८ मध्ये निर्वानाच्या पहिल्या स्टुडिओ ध्वनिमुद्रणात ड्रम क्रोव्हरने वाजवले. त्यातील काही गाणी 'ब्लीच' (१९८९) मध्ये आहेत. १९९० मध्ये डेव्ह ग्रोलची निर्वानाशी गाठ घालून दिली ती ऑस्बोर्नने.

८/ 'नेव्हरमाइंड'च्या (१९९१) यशानंतर मोठ्या कंपन्या पुढचा निर्वाना शोधू लागल्या. 'अटलांटिक'ने मेल्विन्सना करारबद्ध केले. 'हूडिनी'च्या (१९९३) श्रेयनामावलीत कोबेन सहनिर्माता आहे. पुढे 'स्टोनर विच' (१९९४) व 'स्टॅग' (१९९६) आले. तीन अल्बमनंतर कंपनीशी संबंध संपला.

९/ असा करार गेला की अनेक बँड मोडतात. मेल्विन्स मात्र लहान कंपन्यांकडे परतले. १९९९ मध्ये माइक पॅटन व ग्रेग वर्कमन यांनी स्थापलेल्या 'इपेकॅक'कडून १९९९-२००० मध्ये त्यांचे तीन अल्बम लागोपाठ निघाले. २००६ मध्ये 'बिग बिझनेस'चे दोघे सामील झाले आणि मंचावर दोन ड्रमवादक दिसू लागले. २०१२ मध्ये ५० राज्ये व राजधानी वॉशिंग्टन असा ५१ दिवसांत ५१ कार्यक्रमांचा दौरा त्यांनी केला.

१०/ प्रभावाचा नकाशाही सिएटलपुरता नाही. न्यू ऑर्लिन्सच्या 'आयहेटगॉड'सारख्या स्लज बँडवर त्यांची छाप आहे. टोकियोच्या 'बोरिस'ने तर आपले नावच मेल्विन्सच्या 'बुलहेड' (१९९१) अल्बममधील गाण्यावरून घेतले.

११/ निर्वाना गाजला नसता तर अटलांटिकचे दार उघडले नसते, हे मान्य करावे लागते. पण शेवट ठाऊक असल्यामुळे आधीचे सारे त्याची पूर्वतयारी समजणे, हा इतिहासलेखनातील जुना दोष आहे. मेल्विन्स कुणाच्याही यशाची तयारी करीत नव्हते. ते आपले संगीत करीत होते. 'डीप सिक्स'च्या सहा बँडपैकी बाकीचे पाच कधी ना कधी फुटले. हा सहावा अजून वाजवतो आहे.

ऐकण्याचा क्रम: 'बुलहेड', मग 'हूडिनी'. (समाप्त)